पदराला बांधलेलं बी

देवकेचं तोंड शेवटचं उघडलं तेव्हा माझी नजर तिच्या तोंडाकडे गेलीच नाही. पदराकडे गेली.

नदीकाठी लाकडं रचून झाली होती. मी बुडी मारून ओल्या धोतरानं उभा होतो. कुणीतरी हातात गडवा दिला आणि म्हणालं, डोमाजी, तोंडात दोन थेंब सोड. मी वाकलो. तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी कपाळभर कुंकू लावलं होतं. पदर छातीवर नीट घडी करून ठेवलेला, आणि त्याच्या टोकाला एक गाठ होती. करवंदाएवढी.

मी पाणी सोडलं. गडवा खाली ठेवला. भिवाजी काका म्हणाले, चल, आता मडकं घे. मी म्हणालो, थांबा.

त्या गाठीत काय आहे हे तिथं जमलेल्या लोकांत फक्त मला माहीत होतं. त्यात भेदराचं बी होतं. आमच्या भंडाऱ्याकडे टमाट्याला भेदर म्हणतात.

देवका परसात भेदरं लावायची. बाजारात मिळतात तसली गोल, लाल, एका मापाची नाही. तिच्याकडे कुंपणावर चढणारं एक होतं, बोराएवढं, घोसानं लागणारं. एक वांग्यासारखं लांबट, देठाशी काळपट. एकाची साल इतकी पातळ की झाडावरून चुलीपर्यंत आणेतो फुटायचं. दरवर्षी ती यांचं बी धरायची, राखेत घालून तुंब्यात भरून ठेवायची आणि मागेल त्याला द्यायची. अर्ध्या गावात तिचं बी गेलेलं होतं.

पण एक पिवळं होतं ते कुणी मागितलं नाही. पसरट, भोपळ्यासारखं फोडीफोडींचं, आणि पूर्ण पिकलं तरी पिवळंच. माहीत नसलेला माणूस कच्चं समजून फेकून देईल. हे तिच्या माहेरचं, खैरबोडीचं. तिच्या आईनं लग्नात पुरचुंडी बांधून दिलेलं. पुढं तिची आई गेली, भावानं वाडीत कंपनीचं बी आणलं आणि माहेरात पिवळं संपलं. राहिलं ते फक्त आमच्या परसात.

शेवटच्या वर्षी देवका आजारी होती. पोटाचं दुखणं. नागपूरला दाखवून आणलं, तिथल्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. त्या साली पिवळ्याचं एकच झाड तगलं आणि बियासाठी म्हणून तिनं एकच फळ राखलं. ते झाडावर पार मऊ होऊ दिलं, गर वाटीत काढून आंबवला, धुतला, राख लावून बी वाळवलं. मग पेटी उघडून बसली आणि हिरव्या लुगड्याच्या पदराला बांधलं.

मी विचारलं, "तिथं कायले?"

"पेटीत उंदीर जात नाही," ती म्हणाली. "आन हे लुगडं मी नेसत नाही."

आणि आता ती तेच नेसून निजली होती. आणखी थोड्या वेळात पिवळं भेदर दुनियेत कुठंच राहणार नव्हतं. माझ्या डोक्यात त्या वेळी एवढंच आलं. बायको गेल्याचं दुःख होतं, पण ते मोठं होतं, त्याला कुठून हात घालावा ते कळत नव्हतं. ही गाठ लहान होती. तिला हात घालता येत होता.

मी वाकून गाठ सोडायला लागलो.

भिवाजी काका आमच्या गावात सगळ्यांची मर्तिकं पार पाडायचे. त्यांनी मला हळूच सांगितलं की अंगावरचं आता काही काढू नये, जे आहे ते तिचं आहे. मी बी आहे म्हणालो, पण आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. गाठ घट्ट होती. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान, बोटं जाड, नखं कापलेली. निघेना. तेव्हा मी खाली वाकलो आणि दातांनी ओढायला लागलो.

लोकांना काय दिसलं असेल ते मला नंतर कळलं. बायको लाकडांवर, आणि नवरा तिच्या पदराची गाठ दातांनी सोडतो आहे.

माझं मनगट कुणीतरी धरलं. अंताराम होता, देवकेचा मोठा भाऊ. आडदांड माणूस, पण बोलायचा कायम हळू. तसाच हळू बोलला.

"जवाईबापू, काय काढून राहिले जी?"

 गाठ सुटली होती आणि जे होतं ते माझ्या मुठीत आलं होतं.

"त्यात आईची एकदाणी असंल," तो म्हणाला, "त ते तिच्यासंगच जाईल. तुम्ही नाही घ्यायची."

एकदाणी म्हणजे सोन्याच्या मण्यांची माळ. त्यांच्या आईची होती म्हणे. ती मरताना देवकेला देऊन गेली असं अंतारामच्या घरी कुणाच्या तरी मनात होतं. आमच्या घरात ती कधी आली नाही. पण त्या घाटावर मनगट असं दुसऱ्याच्या हातात असताना मी काय सांगायचं. मागून कुणीतरी म्हणालं, मेल्यावरबी सोडत नाही. तो आवाज कुणाचा ते मला आजही माहीत आहे. तो माणूस नंतर माझ्या दुकानात बरीच वर्षं सायकल दुरुस्तीला आणत राहिला आणि मी करून देत राहिलो.

मी मूठ उघडली.

राखेच्या रंगाचं चपटं बी, एकमेकांना चिकटलेलं. दोन-तीन दाणे खाली लाकडावर पडले. एक पोरगा फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. अंतारामनं लाकडावर पडलेला एक दाणा नखावर उचलून डोळ्याजवळ नेला. शेतकरी माणूस. त्याला सांगावं लागलं नाही.

"पिवळ्याचं?"

मी हो म्हणालो. त्यानं माझं मनगट सोडलं. ते दोन-तीन दाणे वेचून माझ्या तळहातावर परत ठेवले.

आता भिवाजी काका घाई करू लागले. आभाळ भरून आलं होतं, लाकडं भिजली असती तर सगळंच अवघड झालं असतं. पण मला मडकं खांद्यावर घ्यायचं, ते धरून फिरायचं, मग अग्नी द्यायचा. बी ठेवू कुठं? अंगावर एक ओलं धोतर, तेवढंच. मी भोवती पाहिलं. ज्याच्याकडे पाहावं तो मागं सरकायचा. लाकडांवरून उतरवलेली वस्तू हातात कोण घेणार. माझा चुलतभाऊ होता, तोही पायाकडे बघत राहिला.

अंतारामनं हात पुढं केला.

मी त्या हाताकडे पाहिलं. आत्ताच त्या हातानं मला चोर म्हणून धरलं होतं. आणि ते बी त्याच्या आईचं होतं. एकदा त्याच्या मुठीत गेलं की त्यानं ते परत का द्यावं? मी असा विचार करत उभा राहिलो आणि सगळे माझ्यासाठी खोळंबून राहिले. शेवटी भिवाजी काकांनी मला कोपरानं ढोसलं. मी बी अंतारामच्या तळहातावर ओतलं. त्यानं मूठ मिटली.

मी मडकं घेतलं, फिरलो, फोडलं, अग्नी दिला. हे सगळं केलं ते मीच, पण मला आठवतं ते वेगळंच. धूर झाला, आग वर चढली, लोक मागं हटले, आणि मी त्या धुरातून सारखा अंतारामची मूठ शोधत होतो. ती होती. त्यानं ती छातीशी धरली होती.

मग सगळे नदीवर गेले. अंताराम गळ्यापर्यंत पाण्यात शिरला, पण एक हात वर धरून. तसाच बुडला, तसाच वर आला. आमच्या गावची माणसं असल्या गोष्टीवर वर्षभर थट्टा करतील अशी आहेत. त्या दिवशी कुणी केली नाही.

बाहेर आल्यावर त्यानं पळसाचं एक पान तोडलं, पुसलं, त्यात बी ओतलं, पान दुमडून काडी टोचली आणि माझ्या हातात दिलं. मग म्हणाला, "अर्धं मले द्या. आमच्या घरचं आहे."

"नाही," मी म्हणालो.

"थोडं तरी."

"एक दाणा देणार नाही."

तो जायला वळला. मग, मघाशी जे बोललो ते बोलायचं नव्हतं, असं काहीतरी पुटपुटला.  तो आमच्या घरी न येता, मर्तिकानंतरचा कडू घास न घेता तसाच ओल्या कपड्यांनी खैरबोडीच्या वाटेला लागला.

तेरवीला आला तेव्हा पाहुण्यासारखा मांडवात बसला. जेवला. जाताना त्याची नजर एकदा परसाकडे गेली. मला म्हणाला, वाफ्यात पाणी साचू देऊ नका, कुजते. मी मान हलवली. आमचं बोलणं तेवढंच.

मी आयुष्यात काही लावलेलं नव्हतं. माझं काम पंक्चर काढायचं, तारा ओढायच्या, चाक सरळ करायचं. चाक सरळ झालं की नाही ते फिरवून लगेच दिसतं. बियाचं तसं नाही. पत्र्याच्या डब्याला खाली भोकं पाडली, माती आणि शेणखत भरलं, बी टाकलं आणि मग नुसतं बसून राहायचं. सगळं बी मी एकदम टाकलं. थोडं राखून ठेवावं हे सुचलंच नाही. डब्यात काही दिसेना तेव्हा ते सुचलं, आणि मग जीव थाऱ्यावर राहिना. दुकान उघडायच्या आधी डब्याजवळ, बंद केल्यावर डब्याजवळ. एकदा नखानं माती उकरून पाहिली. पुन्हा तसं केलं नाही.

आलं. टाकलं होतं त्याच्या निम्मंही नाही, पण आलं.

दिवाळीच्या सुमारास रोपं परसात लावली. शेळ्या शिरू नयेत म्हणून सायकलीच्या मोडक्या रिमा जमिनीत उभ्या रोवून कुंपण केलं. झाडं वाढली तशी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून रिमांना बांधली. दुकानात लोक विचारायचे, डोमाजी, पंक्चर सोडून आता माळी झाला काय? एक जण म्हणाला, आता भेदराले हवा भरतो की काय तो? मी हसायचो. त्यांना वाटायचं माणूस सावरतो आहे, म्हणून तेही जरा जास्तच थट्टा करायचे.

शेजारी माझ्या मोठ्या भावाचं घर. भाऊ आधीच वारला होता, वहिनी एकट्या. तानावहिनी आणि देवका जावा, पण राहायच्या बहिणींसारख्या. देवकेच्या दुखण्यात सगळं तानावहिनींनीच केलं. शेवटची आंघोळ त्यांनीच घातली, लुगडं त्यांनीच नेसवलं. आता त्या दोन घरांमधल्या कुडापाशी येऊन झाडांकडे बघत उभ्या राहायच्या. मी काही विचारलं की जेवढ्यास तेवढं सांगायच्या, खालची पानं तोडा, माती ओढून घ्या, आणि घरात जायच्या. एरवी बोलक्या बाई. मी समजलो, जावेची आठवण येत असेल.

पौषात पहिली फळं पिवळी झाली. फोडीफोडींची, पसरट, अगदी तशीच. मला खरं तर वाटलं होतं, काहीतरी दुसरंच उगवेल. मी त्यातली चार-सहा टोपलीत घेतली आणि तानावहिनींकडे गेलो. म्हणालो, वहिनी, चटणी करून द्या, देवका करायची तशी.

त्यांनी टोपली हातात घेतली आणि उंबऱ्यातच बसल्या.

 मग म्हणाल्या, भाऊजी, मले माफ करा. त्यांनी जे सांगितलं ते असं. देवका जायच्या आठेक दिवस आधी तिनं त्यांना जवळ बसवून घेतलं होतं. मला ते हिरवं नेसवा म्हणाली. आणि नेसवायच्या आधी पदराची गाठ सोडून घ्या. त्यात पिवळ्याचं बी आहे. ते अंतारामले द्या.

तानावहिनींनी हो म्हटलं होतं. पण ती गेली त्या दिवशी रडारड, बाहेरून माणसांची घाई, पाऊस येईल, आटपा. त्यांनी लुगडं नेसवलं, घडी घातली, आणि गाठीवर नजर गेली ती तिरडी उचलल्यावर. तेव्हा तोंडातून शब्द निघाला नाही. मग घाटावर काय झालं ते ऐकलं आणि आणखीच निघेना.

मी म्हणालो, असू द्या. बी वाचलं ना. मग माझ्या लक्षात आलं त्या काय म्हणाल्या ते.

"अंतारामले? मले नाही?"

त्यांनी टोपली मांडीवर ओढून घेतली.

मी घाटावर ज्या माणसाला एक दाणा देणार नाही म्हणालो होतो, बी त्याचंच होतं. आणि ते मी समजू शकत होतो, त्यांच्या आईचं बी, भावाकडे जावं. पण मी तिच्या सोबत इतकी वर्षं राहिलो होतो. बी पेटीत ठेवताना तिनं मला जागा दाखवली, पण कुणासाठी ठेवते ते सांगितलं नाही. मी जगवणार नाही असं तिला वाटलं का? मी पुन्हा विचारलं. वहिनी टोपलीतल्या भेदरांवरून हात फिरवत राहिल्या.

"राग धरू नका, भाऊजी."

"नाही धरत. सांगा."

"मीबी हेच विचारलं तिले, त्यांले कायले नाही म्हणून. त ती म्हणे," वहिनी देवकेसारख्याच सुरात म्हणाल्या, "'बाई, त्यांले ते आवडत नाही. लगन झालं तवापासून माझ्यासाठी खाऊन राहिले. आता मी गेल्यावर तरी त्यांच्या गळ्यात कायले?'"

ते खरं होतं.

ते भेदर मला कधीच आवडलं नाही. फार आंबट. एक घास घेतला की जबडा आखडायचा, कानामागं कळ जायची. लग्नानंतर पहिल्यांदा खैरबोडीला जेवायला बसलो तेव्हा सासूबाईंनी त्याची चटणी वाढली. नवा जावई, नको कसं म्हणणार. सगळी संपवली आणि वर छान झाली म्हणालो. देवका दाराआडून बघत होती. तिचं तोंड फुललं. तिथून सुरुवात झाली. त्यानंतर भेदराच्या दिवसांत माझ्या ताटात रोज ती चटणी असायची आणि मी रोज खायचो. आधी चटणीच संपवायचो, मोठ्या घासाबरोबर, म्हणजे मग बाकीचं जेवण सुखानं जेवता यावं. माझ्या मनात, तिला ते कळत नाही. समोर चुलीशी बसलेल्या बाईला ते कळत नाही असं मी आयुष्यभर धरून चाललो.

तिनं मला कधी म्हटलं नाही. मी तिला म्हटलं नाही.

मी वहिनींना चटणी करू नका म्हणालो आणि टोपली घेऊन परत आलो. परसात रिमांच्या मध्ये बसून राहिलो. एवढे दिवस ती झाडं बघितली की मला बरं वाटायचं. मी हिला राखलं, असं वाटायचं. त्या दिवशी ती नुसती झाडं दिसली. कुणाची तरी ठेव आपल्याकडे राहून गेली आहे, तशी.

आणखी काही दिवस मी थांबलो. फळं झाडावरच पुरी मऊ होऊ दिली. मग होती ती सगळी तोडली, टोपलीत भाताच्या तणसावर मांडली, सायकलच्या कॅरिअरला ट्यूबनं बांधली आणि खैरबोडीला गेलो. रस्ता खराब, टोपली हादरू नये म्हणून बराचसा चालतच गेलो.

अंताराम अंगणात बैलाची वेसण बघत होता. मला पाहून उठला. त्याची बायको भागरथा पाणी घेऊन आली आणि काय बोलावं न कळून आत गेली. घाटावरचं ते सगळं झाल्यावर मी त्यांच्या घरी पहिल्यांदा येत होतो. मी टोपली त्याच्यासमोर ठेवली.

"हे तुमचं."

त्यानं वरचं तणस बाजूला केलं. उकिडवा बसला. एक भेदर उचलून देठाकडून वास घेतला, मग खाली ठेवून दुसरं उचललं, त्याचाही घेतला.

"मी अर्धं म्हटलं होतं," तो म्हणाला.

मी म्हणालो, सगळं आहे. देवकेनं तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं, निरोप मला उशिरा मिळाला. कसा मिळाला, का मिळाला, ते मी सांगितलं नाही. त्यानं विचारलं, घरी ठेवलं का काही? नाही म्हणालो. एखादं तरी ठेवायचं होतं, तो म्हणाला. मी नको म्हणालो. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असेल मी अजून रागात आहे. तो डोळे पुसायला बैलाकडे वळला आणि बैलालाच काहीतरी बोलला.

ते बी नंतर तिथं चांगलं वाढलं. अंतारामच्या वाडीतून खैरबोडीच्या चार घरी गेलं. आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली, अंतारामही राहिला नाही, पण त्या बाजूचा कुणी दुकानात आला की मी विचारतो, आहे म्हणतात. माझ्या परसात पिवळं पुन्हा लागलं नाही. त्या साली झाडं वाळल्यावर मी उपटून टाकली आणि रिमा भंगारात दिल्या.

त्या दिवशी मात्र त्यांनी मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. भागरथानं फळं एकेक करून फोडली, बियांचा गर मडक्यात काढला आणि मडकं फडकं बांधून कोनाड्यात ठेवलं. उरलेली फळं निखाऱ्यावर भाजली, लसूण-मिरची घालून रगडली. सगळ्या घरात तो वास सुटला. आमच्या घरात देवका गेल्यापासून तो वास नव्हता. मला बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटलं, पण ताटं मांडली होती.

आम्ही दोघं बसलो. भात, वरण, आणि बाजूला ती चटणी. अंतारामनं पहिला घास चटणीचाच घेतला आणि त्याचं चावणं थांबलं.  मग म्हणाला, "आईच्या हातची." भागरथा म्हणाली, हातची कुठली, भेदराची चव आहे ती, हात त माझाच आहे. तो हसला. मीही हसलो.

ताटातली चटणी मी नेहमीसारखी आधीच संपवली. भागरथाला वाटलं आवडली. ती वाटी घेऊन आणखी वाढायला वाकली आणि मी ताटावर हात आडवा धरला.

"नको. मले आवडत नाही."

हे मी जन्मात पहिल्यांदा म्हणालो. म्हणायचं ठरवलं नव्हतं. आता कुणाला वाईट वाटणार होतं? जिला वाटलं असतं तिला ते आधीच माहीत होतं, आणि ती नव्हती. अंतारामनं मान वर केली. भागरथा वाटी हातात धरून तशीच वाकलेली राहिली. मग ती हसायलाच लागली.

"काय सांगता जी जवाईबापू! देवकाबाई त दरवेळी येऊन सांगे, आमच्या घरी त्यांले या चटणीशिवाय घास उतरत नाही. दुसरं काही रांधा, ते हेच मागतात. आम्ही म्हणो, पाहा बाई, कसा नवरा भेटला, आईच्या भेदराचा मान राखते."

"दरवेळी सांगायची?" मी विचारलं.

"दरवेळी. माहेरी आली का तेच. शेवटच्या राखीले आली तेव्हाबी. अंगात त्राण नव्हता, पण ते सांगितलंच."

 अंताराम माझ्याकडे बघत होता. मला वाटतं, इतकी वर्षं मी ते कुणासाठी खाल्लं हे त्याला तेव्हा समजलं. त्यानं वरणाची वाटी उचलून माझ्याकडे सरकवायला घेतली, की असू द्या, आवडत नाही तर राहू द्या.

मी ताटावरचा हात काढून घेतला.

"वाढा," मी भागरथाला म्हणालो.

ती म्हणाली, राहू द्या जी, उगाच कायले. मी पुन्हा म्हणालो, वाढा. तिनं थोडीशी वाढली. मी म्हणालो, आणखी. ती आधी अंतारामकडे बघायला लागली, मग तिनं वाढली.

चटणी तशीच होती, फार आंबट. मी सगळी खाल्ली.